पूर्ण फेरा

सकाळी साडेनऊला चहाची सुट्टी झाली. बाकीचे चौघे धक्क्यावरच्याच पत्र्याच्या खोलीकडे निघाले. ग्लेनिस पास्को मात्र समुद्राकडच्या लोखंडी तुळईपाशी थांबली. वारा पडलेला होता, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्पेन्सर आखाताच्या पाण्यावर गव्हाचा भुसा तरंगत होता.

"खिम्याच्या पेस्टी आणल्यात, गरम आहेत," त्या चौघांतला मुकादम सॉटिरिस मागे वळून म्हणाला. "चल, खाऊन घे. सहा महिन्यांत निम्मी झालीस."

"आणि तू दुप्पट झालास. म्हणजे धक्क्यावर वजन तेवढंच."

तो हसला. मग त्याने तुळईकडे पाहिलं. "नट हातानेच बसवून ठेव. पाना लावू नकोस. पलीकडे माणूस नाही. क्रेनचा पाळणा दुपारी येतोय, मी स्वतः त्यातून उतरतो बोल्टांची डोकी धरायला."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत नसेल तर कोणाला असणार!" सॉटिरिस बोलून गेला आणि लगेच जीभ चावून इतरांमागे खोलीकडे गेला.

या कामाला दोन माणसं लागतात. बोल्टचं डोकं समुद्राच्या बाजूला, नट या बाजूला. पलीकडच्याने डोकं पान्यात पकडून ठेवायचं आणि अलीकडच्याने नट आवळायचा. डोकं मोकळं राहिलं तर नटाबरोबर बोल्टही फिरतो. हात दमतो, आणि जोड होता तसाच राहतो.

एकोणीस वर्षं ग्लेनिसच्या बोल्टांची डोकी तिच्या थोरल्या भावाने, डेन्झिलने धरली. "ग्लेन, तुझा हात किती फिरला ते नको सांगूस," तो पलीकडून ओरडायचा. "नट बोल्टवर किती फिरला ते सांग. हात काय, तू नाचतानाही फिरवतेस!" त्याचा डावा खांदा दुखरा होता. ओढ आली की त्याचा पाना आधी जरासा सैल पडायचा आणि मग घट्ट धरायचा. तिच्या तळहाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की इतर कोणाची पकड तिला परकी वाटायची.

मार्चमध्ये याच तुळईच्या बाहेर टांगलेली फळी निखळली आणि डेन्झिल पाण्यात गेला. तो सापडला नाही. त्या सकाळी त्याला मुलीचा फोन आला होता, म्हणून फळीच्या आधाराचे बोल्ट ग्लेनिसने एकटीनेच आवळले होते. चौकशीत विचारलं गेलं, "पूर्ण फेरा दिला होता?" ती म्हणाली, "दिला होता." आवळण्याआधी नट, बोल्ट आणि लोखंड यांच्यावरून एक सरळ पिवळी रेघ ओढतात. पण हे लांब बोल्ट, यांना अख्खा फेरा लागतो, आणि अख्खा फेरा झाला की रेघ पुन्हा जिथल्या तिथे येते. पूर्ण फेरा दिलेला नट आणि हातही न लावलेला नट दिसायला सारखेच. पाण्यातून काढलेल्या आधारावरच्या रेघा सरळ होत्या. कारण अस्पष्ट, असं लिहून कागद मिटले. डोकं कोणी धरलं होतं, हे कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

बोल्ट सोबत फिरला होता का, हे त्या दिवशी तिने पाहिलंच नव्हतं. तेवढं एक तिला कळायला हवं होतं. बाकी कशाचंच तिला काही वाटत नव्हतं. ती रडली नव्हती. त्याच्यासाठीच्या प्रार्थनेला लोक गळ्यात पडले, तर तिनेच त्यांच्या पाठी थोपटल्या.

बाराही नट तिने हाताने बसवले, रेघा ओढल्या. मग सवयीने पहिल्या नटाला पाना लावला आणि ओढला.

नट एक कड, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, पुढे सरकला. बोल्टच्या टोकावरची रेघ जागची हलली नाही.

ती थांबली. बोल्ट कोरे होते, डोक्याला ग्रीस होतं. ते अडकण्यासारखं काहीच नव्हतं. तिने दुसरा ओढला, तिसरा ओढला. कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. तुळईच्या कडेपलीकडे डोकी दिसत नव्हती. खाली खांब, शेवाळ आणि हिरवं पाणी.

"कोण आहे पलीकडे?"

पत्र्याच्या खोलीतून चौघांचं हसणं ऐकू आलं. तिने आवाज मोजले. चार होते.

चौथा बोल्ट तिने सावकाश ओढला आणि तिच्या हाताला ते जाणवलं. आधी जरासं सैल. मग घट्ट.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. ती एकामागून एक बोल्ट आवळत गेली, सहा ओढींचा एक फेरा, आणि प्रत्येक ओढीला पलीकडून तेवढंच सैल, तेवढंच घट्ट. अकरा झाले.

बाराव्याला पाना लावून ती लोखंडाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "त्या दिवशीचा माझा फेरा... धरला गेला होता का रे?"

आणि ओढलं.

पाना हलकाच फिरला. नट फिरला, आणि त्याच्याबरोबर बोल्टही. दुसरी ओढ. तिसरी. पलीकडे कोणीच धरत नव्हतं. सहाव्या ओढीला दोन्ही रेघा गोल फिरून आपापल्या जागी आल्या, सरळ, स्वच्छ.

म्हणजे नव्हता.

ग्लेनिसने पाना सोडला. डोळे कोरडेच राहिले.

नटावर अडकलेला पाना हलला.

पलीकडून कोणीतरी डोकं फिरवत होतं. एक कड, थांबून पाना पुन्हा लावल्यासारखं, मग आणखी एक कड. तिचा पाना सोबत मोकळा फिरत होता. ती न धरता उभी राहिली तर त्या पलीकडच्या हाताचीही मेहनत फुकट जाणार होती.

तिने दोन्ही हातांनी पाना पकडला आणि टाच कठड्याला रोवली.

एक. दोन. बोल्ट आवळत होता. तीन. चार.

"ग्लेनिस! चहा गार होतोय!" सॉटिरिसने हाक मारली.

पाच.

सहा. नटावरची आणि बोल्टवरची रेघ जुळली, फेरा पुरा झाला.

तिने हात सैल करायला घेतले, पण पलीकडचा हात थांबला नाही. सातवी ओढ आली.