किल्ली हातात, गाडी चालूच!

"ए कप्तान! लवकर ये! किल्ली माझ्या हातात आहे आणि गाडी चालूच आहे!"

भोंग्याचा आवाज मुळातच असा, की तो कानात काही सांगायला लागला तरी पलीकडच्या शेतातली माणसं माना वर करून बघत. म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं. कप्तान आणि टिचकी हातातले झाडू टाकून गोठ्यातून धावत बाहेर आल्या.

कप्तान तेरा वर्षांची आणि टिचकी दहाची, दोघी सख्ख्या बहिणी. भोंगा अकराचा, त्यांचा मामेभाऊ. सुट्टी लागली की तिघांचा मुक्काम टेकडीवरच्या गोठ्यावर. गोठा मावशीचा. म्हणजे या दोघींची मावशी आणि भोंग्याची आत्या. एकाच अंगणात तिला दोन नावांनी हाका पडत आणि ती दोन्हींना ओ देई.

मावशी खाली गावात दूध पोचवून नुकतीच परतली होती. तिची लांबोडकी, जुनी डिझेल गाडी अंगणात उभी होती. मावशीनं हँडब्रेक ओढला होता, किल्ली काढून भोंग्याकडे दिली होती आणि इंजिन आता बंद पडेलच असं धरून ती रिकामे कॅन धुवायला आत गेली होती. इंजिन मात्र आपलं धडधडतंच आहे!

"भूत!" टिचकी डोळे मोठे करून म्हणाली.

"दिवसाढवळ्या? आणि तेही डिझेल पिणारं?" कप्तान हसली. "काहीतरीच तुझं!"

भोंगा तोवर चालकाच्या जागेवर जाऊन बसलाही होता. त्यानं ब्रेकवर पाय दिला. मग दोन्ही पाय दिले. मग स्टिअरिंग धरून तो ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला.

"हा ब्रेक आहे की दगड? हलायला तयार नाही!"

"आणि मागचं दारही उघडत नाहीये," टिचकी दार ओढत म्हणाली. "मावशीनं पुढचं कुलूप उघडलं की बाकीची आपोआप उघडतात ना? सकाळी तर उघडत होती!"

"ऊठ रे तिथून! मी आहे ना!"

हा मामा. म्हणजे भोंग्याचे बाबा, मावशीचा धाकटा भाऊ. कुठलीही वस्तू बिघडली की मामाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मी आहे ना!" वस्तू दुरुस्त होईलच असं नाही, पण वाक्य हमखास व्हायचं. मामानं गाडी गिअरमध्ये टाकली, ब्रेकवर आपला खांबासारखा पाय रोवला आणि क्लच झटकन सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि ती गप्प झाली.

"झालं! जुनं जनावर आहे, हट्ट करणारच. त्याचा कान धरून त्याला बसवावं लागतं," मामा हात झटकत म्हणाला आणि निघून गेला.

जेवताना मावशीचं नेहमीसारखं वाढण्यात लक्ष नव्हतं. ताटातलं संपवून ती पाणी प्यायली आणि मग एकदम म्हणाली, "तुम्हाला सांगायचं राहिलं. उद्या दुपारी गुरांचे व्यापारी येणार आहेत. गायी विकायच्या ठरवल्यात मी."

भोंग्याचा घास हातातच राहिला. "सगळ्या?"

"सगळ्या. अरे, माझ्या पायात आता जोर राहिला नाही. उतरणीच्या शेवटी ब्रेक दाबायला गेलं की दबतच नाही. परवा उतरणीखालच्या फाटकाशी गाडी कशीबशी थांबली. मला माझ्या जिवाचं काही नाही, पण रस्त्यावर कुणाचं लेकरू असलं तर? आणि गाडी नाही तर दूध कोण पोचवणार? दूध पोचत नसेल तर गायी ठेवून काय करू?"

"खरंय ताई," मामा मायेनं म्हणाला. "वय कुणाला चुकलंय? सोड आता. आयुष्यभर राबलीस."

मावशी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. या गोठ्यातली एकेक गाय तिच्या हातांवर वाढलेली. तिघांनाही जेवण गोड लागलं नाही.

जेवणानंतर तिघं गवताच्या गंजीमागे जमले.

"गायी गेल्या तर मावशी करणार काय दिवसभर?" टिचकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मला एक सांगा," भोंगा त्याच्या मानानं हळू म्हणाला, "आत्याचा पाय म्हातारा झाला, मान्य. पण सकाळी माझ्या पायांनीसुद्धा ब्रेक दाबला गेला नाही. मग काय, मीही म्हातारा झालो?"

कप्तान ताडकन उठून बसली. "भोंग्या! अरे, आयुष्यात पहिल्यांदाच तू कामाचं बोललास!"

"पहिल्यांदाच म्हणजे काय गं?"

पण पुढचं कोडं काही सुटेना. ब्रेक दगड झाला, इंजिन बंद होईना, दारं उघडेनात. तीन वेगळी दुखणी, आणि तीही सकाळी निघताना नसतात, परतल्यावरच दिसतात! डोकं खाजवून तिघं कंटाळले. तेवढ्यात संध्याकाळचं दूध काढायची वेळ झाली.

मावशीकडे दूध यंत्रानं काढत. एक पंप हवा खेचतो, त्या पंपापासून गोठाभर नळ्या गेलेल्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला गाईच्या सडांना लावायचे चार पेले. आज तिसऱ्या गाईनं लाथ झाडली आणि तिचे पेले खाली पडले. लगेच फुस्स असा आवाज सुरू झाला, भिंतीवरच्या तबकडीतला काटा घसरला, आणि बघता बघता शेजारच्या गाईंचे पेलेही सैल पडून लोंबायला लागले.

"एकीनं लाथ मारली आणि शिक्षा सगळ्यांना!" भोंगा म्हणाला.

"पंप एकच ना," मावशी पेले उचलत म्हणाली. "कुठंही भोक पडलं की हवा तिथून आत शिरते आणि सगळीकडची ओढ जाते." पेले लावून झाले तरी काटा पुरता वर चढेना. मावशीनं रबरी नळीचा एक तुकडा घेतला, त्याचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं प्रत्येक सांध्याजवळून फिरवलं. "हं, इथं फुसफुसतंय. हा सांधा सैल झाला बघ." तिनं सांधा आवळला. काटा जागेवर आला.

टिचकी एकटक त्या काट्याकडे बघत होती.

"ताई," ती कप्तानला म्हणाली, "गाडीतही असाच पंप असेल का गं?"

विचारायचं कुणाला? मामाला! आणि मामाला एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं मिळत.

"असतो म्हणजे? असतोच!" मामा खूश झाला. "पेट्रोलच्या गाडीचं इंजिन स्वतःच हवा ओढतं, त्याच ओढीवर ब्रेक हलका होतो. डिझेलच्या इंजिनाला तशी ओढ नसते. म्हणून त्याला हवा खेचणारा वेगळा पंप लावतात. आणि आपल्या गाडीत तर त्याच पंपावर इंजिन बंद होतं आणि दारांची कुलपंही उघडतात. काय डोकं लावलंय बनवणाऱ्यांनी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मामा, म्हणजे त्या पंपाची हवा कुठं गळत असेल तर ब्रेक, इंजिन, दारं, सगळंच एकदम..."

"छे! इंजिनाचा हट्ट वेगळा, दारं गंजलीत, आणि ब्रेकचं म्हणशील तर ताईचा पाय. मी स्वतः बघितलीय गाडी! जा, खेळा जा."

इतकं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगूनही मामाला दोन आणि दोन चार करता आले नाहीत. मोठ्या माणसांचं असं होतं कधीकधी.

"सकाळी इंजिन थंड असतं तेव्हा सगळं ठीक, गरम झालं की गडबड," कप्तान म्हणाली. "म्हणजे मावशी उतरणीवर जायच्या आधी गाडी इथंच, अंगणात तापवायला हवी. बॉनेट उघडं ठेवून. पण मामा आपल्याला हातही लावू देणार नाही."

"मग बाबांनाच बोलतं ठेवायचं!" भोंगा छाती पुढे काढून म्हणाला. "ते माझ्यावर सोपवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कॅन गाडीत चढवायला निघाली, तेवढ्यात भोंगा मामाला हाताला धरून घेऊन आला.

"बाबा, आज तरी इंजिन शिकवा ना! शाळेत सगळे विचारतात, तुझ्या बाबांना काय येतं म्हणून!"

"असं विचारतात?" मामानं बाह्या सरसावल्या. "ताई, कॅन राहू दे जरा. गाडी सुरू कर. या पोरांना दाखवूनच टाकतो!"

"दूध थंड टाकीत आहे, खराब नाही व्हायचं," मावशी म्हणाली. "आणि आज शेवटचीच तर फेरी आहे." ती गाडीत बसली आणि तिनं इंजिन सुरू केलं.

"मावशी, मधूनमधून ब्रेक दाबून बघत राहा हं!" कप्तान म्हणाली.

मामानं बॉनेट उघडलं आणि त्याचं भाषण सुरू झालं. पट्टा, पंखा, पाणी, तेल! भाषण जरा मंदावलं की भोंगा नवा प्रश्न टाकी, "बाबा, तेल काळंच का होतं?" "बाबा, पंखा उलटा फिरला तर?" मामाच्या कपाळावर घाम आला आणि इंजिन मस्त तापलं.

"अगं बाई!" आतून मावशीचा आवाज आला. "मघाशी मऊ होता. आता बघ, पुन्हा पाय गेला माझा!"

कप्तान म्हणाली, "टिचकी, आता! पट्ट्यापासून लांब राहा हं!"

टिचकीनं गोठ्यातला नळीचा तुकडा कानाला लावला आणि पंखा-पट्ट्यापासून लांबच्या बाजूनं दुसरं टोक एकेका सांध्याजवळ धरलं. इथं काही नाही. इथंही नाही. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"फुस्स! इथं! या पांढऱ्या नळीच्या टोकाशी! अगदी गोठ्यातल्यासारखं!"

"काहीतरीच!" मामा म्हणाला. "ती नळी नवी आहे. मीच महिन्यापूर्वी बसवली."

भोंगा वाकून बघत होता. बाकीच्या सगळ्या नळ्या काळ्या आणि जाड. ही एकटीच पांढरी, तेलानं पिवळटलेली आणि टोकाला फुगलेली.

"बाबा," आणि या वेळी भोंग्याचा आवाज खरोखरच हळू होता, "ही दुधाच्या यंत्राची नळी आहे का?"

मामा गडबडला. "म्हणजे काय झालं, जुनी फाटली होती. त्या मापाची बाजारातून आणायची तर खाली उतरा, परत चढा. गोठ्यात हिचं भेंडोळं पडलेलंच होतं. चपखल बसली! हवाच तर खेचायची, तिला काय कळतंय दुधाची की गाडीची?"

"पण गोठ्यातली नळी काही एवढी तापत नाही ना, मामा! तिला तेलही लागत नाही!" कप्तान म्हणाली. "इथं ती गरम झाली की मऊ पडते, सैल होते आणि हवा आत घेते!"

"उगाच! हे बघा, मी सांधा दाबून धरतो. काही फरक पडणार नाही!" मामानं फडक्यानं सांधा घट्ट धरला. "ताई, दाब गं ब्रेक!"

क्षणभर नुसती धडधड ऐकू आली. मग मावशी किंचाळली, "गेला! खाली गेला! लोण्यासारखा गेला!"

"फडकं काढ मामा!"

मामानं हात काढला. मावशीनं चार-पाच वेळा ब्रेक दाबला आणि तो पुन्हा दगड झाला. मामानं पुन्हा सांधा आवळला. ब्रेक पुन्हा लोणी. "मावशी, आता किल्ली फिरव!" कप्तान ओरडली. मावशीनं किल्ली फिरवली आणि इंजिन शहाण्या मुलासारखं बंद झालं.

मामा फडकं हातात धरून तसाच उभा होता. त्याचा चेहरा पडला होता.

"ताई," तो म्हणाला, "तुझ्या पायाला काहीही झालेलं नाही. माझ्या आळसानं केलं हे सगळं. आणि वर मीच तुला म्हातारी म्हणत होतो."

मावशी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायलाच लागली. टिचकी घाबरून तिला बिलगली. "लागलं का गं मावशी?"

"नाही गं राणी. आनंदानंही रडतात माणसं."

मामानं त्या दिवशी "मी आहे ना" म्हटलं नाही. सायकल काढली, उतरण उतरून गावात गेला आणि बरोबर मापाची, तेलाला दाद न देणारी जाड काळी नळी घेऊन धापा टाकत परतला. बाकीच्या नळ्याही त्यानं एकेक करून तपासल्या. टिचकीनं प्रत्येक सांधा ऐकून "पास!" म्हटल्याशिवाय बॉनेट लागलं नाही. मग मावशी गाडी घेऊन एकटीच फाटकापर्यंत गेली, पार तापलेल्या इंजिनानिशी, आणि नेमकी फाटकाच्या रेषेवर थांबली. आधी पायानं, मग मागं येऊन पुन्हा जाऊन, नुसत्या अंगठ्यानं!

व्यापाऱ्यांना तिनं फोनवर तीनच शब्द सांगितले, "गायी विकायच्या नाहीत."

"तुम्ही तिघांनी माझा गोठा वाचवलात रे," मावशीनं तिघांना एकदम कवेत घेतलं. "आणि खाली उतरणीवर कुणाचा तरी जीवही वाचवला असेल."

"मी मोठ्या तोंडानं बोलत राहिलो आणि यांनी नीट कान देऊन ऐकलं," मामा म्हणाला. "शाब्बास रे पोरांनो! आणि भोंग्या, शाळेत कुणी विचारलं तर सांग, बाबांना चूक कबूल करता येते म्हणून."

"जोरात सांगू?" भोंग्यानं विचारलं.

"नको!!" सगळे एकदम ओरडले.

मावशी हसत हसत घराकडे वळली. ओसरीच्या पायऱ्या ती भराभरा चढून गेली आणि वरच्या पायरीवर एकदम थांबली. वळून तिनं पायऱ्यांकडे पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "महिनाभर मी या पायऱ्या भिंत धरून चढत होते. आज विसरलेच की!"