मिटलेला हात

पावसाने झोडपलेला तो माणूस दार ढकलून आत आला आणि नेमका लिडियाच्या शेजारी टेकला. त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं... टप, टप.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या खेड्यातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची रविवारची प्रार्थना म्हणजे निव्वळ मौन. आतून शब्द आलाच तर बोलावं, नाहीतर देवाला बोलू द्यावं. ज्याची पाळी असेल त्याने शेजाऱ्याचा हात हाती घेतला, की प्रार्थना संपली.

आज पाळी लिडियाची होती.

तिने हळूच रुमाल पुढे केला. त्याने डोळ्यांनी आभार मानले. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून चक्क तिचा हात धरून हलवला. झालं. सगळे एकमेकांचे हात हाती घेत उठलेच.

"अर्ध्यातच उठवलंस, पोरी," म्हातारे इनॉक हसले. "माझ्या गुडघ्यांचे आशीर्वाद घे."

लिडिया कानापर्यंत लाल झाली.

तो ऑरिन व्हिटलॉक. आत्मा, जाणीव, मौन यांवरची त्याची पुस्तकं देशभर वाचली जात. नवं मात्र अडलं होतं. चार दिवसांसाठी आला, तो सफरचंदांचा हंगाम सरेपर्यंत राहिला. लिडियाच्या बागेत टोपल्या उचलताना तो मौनावर अखंड बोलायचा.

"मौनावर इतकं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता."

"मग गप्प करा ना मला..."

ती नुसती बघायची — आणि तो खरंच गप्प व्हायचा.

मग कॅलिफोर्नियाहून व्याख्यानांचं बोलावणं आलं. रविवारी प्रार्थनेनंतर निघायचं ठरलं. थांब म्हणावं, असं लिडियाच्या ओठांवर यायचं. पण त्याला ओढ तिची, की पुस्तकासाठी इथल्या शांततेची? रोज पहाटे ती देवाजवळ त्याच्यासाठी सुखाचा प्रवास मागायची, आणि मनातल्या मनातही अडखळायची.

त्या रविवारी पुन्हा पाळी तिचीच. प्रार्थना संपवायची वेळ टळली. इनॉक खाकरले, पुन्हा खाकरले. लिडियाचे हात मांडीवर घट्ट मिटलेले.

ऑरिन झुकला. "हात दे ना."

"दिला तर तू जाशील..."

"व्याख्यानांना नकार कळवलाय. पुस्तकही मिटून ठेवलंय. मला शांतता नको, लिडिया... तू हवीस."

ती कुजबुज सगळ्या बाकांना ऐकू गेली.

तिने हात पुढे केला. मंडळी उठली, हात मिळाले, सुटले.

"संपली प्रार्थना," इनॉक हळूच म्हणाले. "सोड आता त्याला."

लिडियाने हात सोडला नाही. आणि ऑरिनने दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला.