जोडी सोडायचं बटण

जासईच्या पुढं कंटेनर यार्डांच्या रांगेत बाथरूमच्या सामानाचं एक गोदाम आहे. वॉश बेसिन, कमोड, नळ. लोकांच्या घरातल्या सर्वांत खासगी वस्तू तिथं उंच मांडण्यांवर उघड्यावर बसलेल्या असतात. संघमित्रा तिथं माल जागेवर लावायचं काम करायची आणि तिला त्याचं हसू येणं कधीच बंद झालं होतं.

प्रत्येकाच्या हातात मुठीत मावेल असा काळा संगणक. त्याला सगळे मशीनच म्हणायचे. मशीन नवं, पण आतलं सॉफ्टवेअर टेबलावरच्या जुन्या मोठ्या संगणकांच्या काळातलं: काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि सगळा कारभार एफच्या बटणांवर. गंमत अशी, की मशीनवर ती बटणंच नव्हती. आधी निळं बटण दाबायचं, मग आकडा. निळं आणि सहा म्हणजे एफ सहा. निळं विसरलं की मशीन चिडून ओरडायचं.

जड खोक्याला दोन माणसं, हा तिथला नियम. एफ सहा दाबलं की जोडीदार मागितला. दुसऱ्यानं आपल्या मशीनवर एफ सात दाबलं की तो हजर झाला. काम संपलं की दोघांनी एफ नऊ दाबायचं, मग जोडी सुटायची. एकट्यानं दाबून भागत नसे.

मिस्बाह ही संघमित्राची जोडीदार. तिचं लग्न झालं, ती पनवेलला गेली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. सुपरवायझर विलास म्हात्रेनं सगळीकडे चालतो तोच तोडगा काढला. दोन्ही मशीन तूच वापर म्हणाला. सहा पण तूच दाब, सात पण तूच दाब. संघमित्रा खोकं ढकलत, टेकवत, कसंबसं ढकलगाडीवर चढवायची. अंग दुखायचं त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची, हे तिच्या जिव्हारी लागायचं. घरीही तेच चाललं होतं. आई गेल्यापासून उलव्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटी होती. मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट गुंतवणुकीचे. कुलपांना शेजार म्हणायचं तर शेजार भरपूर होता.

एका दुपारी तिनं एफ सहा दाबलं आणि दुसरं मशीन घ्यायला खिशात हात घातला. खिसा रिकामा. ते चार्जिंगला राहिलं होतं. आणायला ती वळणार, तोच हातातलं मशीन हलकेच वाजलं.

जोडीदार हजर. नावाची जागा कोरी.

ती चार्जरपाशी गेली. दुसरं मशीन बंद होतं. विलासला विचारलं, तर तो म्हणाला, सर्व्हर येडा झालाय. पटण्यासारखं होतं. ती परत आली, खोक्याची एक बाजू धरून जोर लावला आणि तोल जाऊन मागं सरली. खोकं सपाट वर आलं होतं. दोन्ही बाजूंनी.

तिनं घाबरून हात सोडला. खोकं पडलं नाही. सावकाश खाली टेकलं.

त्या दिवशी तिनं एफ नऊ दाबलं नाही. आधी भीतीपोटी राहिलं आणि नंतर तिनं मुद्दाम टाळलं. पुढं एफ सहाचीही गरज उरली नाही. ती वाकली की पलीकडची बाजू उचलली जायची. ती थकली की पलीकडचाही वेग कमी व्हायचा. टेकवताना आधी पलीकडची बाजू खाली जायची, म्हणजे हिची बोटं चेंगरू नयेत. इतकी काळजी तिची आईनंतर कुणी घेतली नव्हती. ती हळूहळू बोलायला लागली. डब्यात काय आणलंय, पाय कसा सुजलाय. उत्तर कधी आलं नाही. पण कुणीतरी ऐकतंय असं वाटून तिला रडू यायचं, आणि ते बरं वाटायचं.

महाडहून बहिणीचा, शर्मिलाचा फोन यायचा. घरात नातवंडं आहेत, दंगा आहे, ये की इकडं. संघमित्रा दर वेळी बघू म्हणायची. पण एकदा फोनवर मागून पोरांची भांडणं ऐकू आली आणि तिला त्या घराची इतकी ओढ लागली, की ती येते म्हणून मोकळी झाली. माणसांत राहायचं. बोललं की उत्तर येईल अशा ठिकाणी.

राजीनामा दिला. शेवटच्या दुपारी ती मांडण्यांमध्ये उभी राहिली आणि निळं दाबून नऊ दाबलं.

जोडीदाराची वाट पाहत आहे.

तिनं पुन्हा दाबलं. तीच ओळ. ती हळू आवाजात म्हणाली, "सोड ना. मला जायचंय."

पडदा तसाच राहिला. विलास पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. सगळी जुनी मशीन कंपनी परत नेणार होती, उद्यापासून बोटानं चालवायचे नवे फोन.

"माझी जोडी सुटली नाही अजून," ती म्हणाली. "नव्यावर एफ नऊ कुठं असेल?"

"त्यात बटनाच नाय गो. सगला पुसून गेला समज." विलासनं तिच्या हातातलं मशीन घेऊन बंद केलं. "जा बिनधास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्मिला टेम्पो घेऊन आली. थोडंथोडं सामान खाली गेलं. उरली आईची लोखंडी ट्रंक. ती दोघींनी मिळून उचलायची ठरली होती. शर्मिला खाली पाण्याची बाटली आणायला गेली होती.

संघमित्रानं सहज, वजन बघावं म्हणून, एक कडी धरली.

ट्रंक सपाट वर आली.

घरात मशीन नव्हतं. तिनं दाराकडे पाऊल टाकलं. ट्रंक हलली नाही. पलीकडून ओढ लागली, अगदी हलकी, आतल्या खोलीकडे.

"नाही," ती म्हणाली आणि कडी सोडली.

ट्रंक खाली आली नाही. तिची बाजू कमरेइतक्या उंचीवर तशीच थांबली. कडी तिच्याकडे वळलेली.

डोक्यावरून विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या. फोन वाजला. शर्मिला होती. म्हणाली, लिफ्ट बंद पडलीये, जिन्यानं येतेय, तू एकटीनं उचलू नकोस.

संघमित्रा फोन कानाशी धरून ट्रंकेकडे बघत राहिली. घरभर कुणाचाही आवाज नव्हता आणि तरी तिला एकटं वाटत नव्हतं. हेच तिला भयंकर वाटलं.

"नको येऊस," ती म्हणाली. "मी राहते."

"अगं, पण..."

"राहते मी."

तिनं फोन कट केला, दार आतून लावून घेतलं आणि परत येऊन ट्रंक धरली.

कडी गरम होती. नुकताच कुणीतरी हात काढून तिच्यासाठी जागा करून दिल्यासारखी.