बारा हात दोर

हर्षदला मी देवाची शपथ घ्यायला लावलं नाही. त्याने मूठ उघडून उजवा तळवा दाखवला, तेवढं मला पुरलं.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार होता, पौष पौर्णिमा. जागा रत्नागिरीतलीच, मांडवीच्या पलीकडे आमच्या वाडीसमोर झालेली नवी मरीना. वेळ मध्यरात्रीची वगैरे अजिबात नाही. संध्याकाळचे सहा वाजले होते, सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता आणि काठावर दोनेकशे माणसं भेळ खात उभी होती.

त्या दोनशे माणसांसमोर घडलं. म्हणून तर कुणाला थापा वाटू नयेत.

मरीना होण्याआधी तिथे आमच्या वाडीचा धक्का होता. धक्का कसला, चार चिऱ्यांच्या पायऱ्या आणि होड्या बांधायचे लाकडी खुंटे. आता तिथे फरशी आहे, स्टीलचं रेलिंग आहे, पोरांना झोपाळे, म्हाताऱ्यांना बाकडी आणि पर्यटकांच्या बोटींसाठी तरंगती जेटी. छान आहे, नाव कशाला ठेवू? रविवारी मीसुद्धा पोरांना घेऊन जायचो.

हर्षद माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला तिथे नोकरी लागली. आलेली बोट जेटीला लावून घ्यायची, दोर बांधायचा, माणसांना हात देऊन उतरवायचं. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याची आई, आमची कमळाकाकू, त्याला म्हणाली होती, "पान्यावर जायचा नाय ना? मग बरा झाला."

कारण थोरला पाण्यावर गेला होता.

नितेश. नऊ वर्षांपूर्वी, गणपती चार दिवसांवर आलेले असताना, एकटाच होडी घेऊन जाळं काढायला गेला. वारा फिरला. होडी आली नाही, तोही आला नाही.

आमच्या वाडीत अशा माणसासाठी दोर बांधतात.

त्याच्याच होडीच्या, घरी उरलेल्या दोरातला तुकडा घ्यायचा. मोजून बारा हात. एक टोक त्याच्या खुंट्याला बांधायचं, दुसरं पाण्यात मोकळं सोडायचं. माणूस सापडलेला नसतो, त्याला धरायला काहीतरी असावं, एवढाच त्यामागचा भाव. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, त्याचं मन मानेल तेव्हा. कमळाकाकूचं मन नऊ वर्षांत मानलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती यायची, खुंट्याला हात लावायची आणि घरी जायची.

दोराला मात्र हात लावायची नाही.

आमच्याकडच्या होड्यांवरचे जुने तांडेल अयूबचाचा आम्हा पोरांना नेहमी बजावायचे, "बांधायचा, पन ओढायचा नाय. ओढलास म्हंजे बोलावलास. आनि त्या टोकाला कोन हाय, ता आपल्याला दिसत नाय."

मरीनाचं काम सुरू झालं तेव्हा सगळे खुंटे उपटायचं ठरलं. आईला काय सांगायचं? हर्षदने मरीनाच्या साहेबांना गाठलं आणि त्याला त्या वेळी जे शहाणपणाचं वाटलं ते बोलून गेला.

"साहेब, एवढा एक खुंटा ठेवा. जुनं आहे. लोक फोटो काढतील."

साहेबांना कल्पना भयंकर आवडली.

खुंटा राहिला. त्याला निळा रंग लागला. भोवती चुन्याचा गोल काढला. दोरही तसाच ठेवला, रेलिंगखालून पाण्यात गेलेला. कमळाकाकूने लेकाच्या गालावरून हात फिरवला. हर्षद मला म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा काहीतरी धड केलं बघ."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिथे पाटी लागली.

'दोर ओढा, फोटो काढा!'

हर्षदने ती वाचली. तो साहेबांकडे धावला. साहेब हसले. "अरे, एक दोरच तर आहे. ओढू देत की." साहेबांचं तरी काय चुकलं? त्यांना वाडीची रीत कुठून माहीत असणार? आणि ती समजावून सांगायला गेलं की हर्षदलाच आपली जीभ जड वाटायची.

पहिल्याच रविवारी रांग लागली. नवरे ओढायचे, बायका फोटो काढायच्या. कॉलेजची पोरं कोळी-कोळी खेळायची. कमळाकाकू दुरून बघत राहिली. मग हर्षदला एवढंच म्हणाली, "कोनी सांगितला रे लोकांना? त्यांना हात लावायला नको सांग."

त्याने सांगून बघितलं. लोक ऐकायचे, आणि तो वळला की ओढायचे.

आठवडाभरातच एक गोष्ट हर्षदच्या लक्षात आली. खुंट्याच्या आसपास बगळे बसेनासे झाले. फरशीच्या फटींतून खेकडे, आमच्या कुर्ल्या, पळायच्या, त्याही दिसेनात. काठावर सगळीकडे पाण्याची चुबुकचुबुक चालायची, आणि खुंट्याखाली...

काहीच आवाज नाही.

मग एका संध्याकाळी कोल्हापूरहून आलेली सात-आठ वर्षांची मुलगी दोर ओढता ओढता थांबली. आईला म्हणाली, "आई, पलीकडून कोणीतरी ओढतंय."

सगळे हसले.

बाकड्यावर बसलेली कमळाकाकू हसली नाही. ती उभी राहिली होती.

त्या दिवशी मरीना रिकामी झाल्यावर हर्षदने दोर वर घेतला. ओढला नाही, लोकांनी ओढून फरशीवर टाकलेला होता तेवढाच गोळा केला आणि सवयीने कोपरापासून बोटांपर्यंत मोजला. बारा हात भरला.

पण टोक अजून पाण्यातच होतं.

आपलंच मोजायला चुकलं असेल, असं त्याने मनाला सांगितलं. दोर परत सोडला. पुढच्या रविवारी पुन्हा मोजला.

एकोणीस.

त्याच्या पुढच्या रविवारी सव्वीस. आणि खुंट्याजवळचा दोर नऊ वर्षांच्या उन्हाने पांढरा पडलेला, तर पाण्यातून येणारा... कोराकरकरीत. कालच बाजारातून आणल्यासारखा हिरवा.

त्यात लाल चिंधी बांधलेली होती.

नितेश आपल्या दोराला दर पंधरा हातांवर लाल चिंधी बांधायचा, किती दोर सोडला ते कळावं म्हणून. कमळाकाकूने बांधलेल्या तुकड्यात चिंधी नव्हती. हर्षदला पक्कं आठवत होतं. तो तुकडा त्यानेच कापला होता.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी मरीना उघडायच्या आधी तो कोयती घेऊन गेला. आई रागावेल, रडेल, आयुष्यभर बोलणार नाही, चालेल. पण तिने एकदा त्या दोराला हात घातला तर आपल्याला तिला सोडवता येणार नाही, हे त्याला आतून कळलं होतं. दुसरी भीती त्याला नव्हतीच. आई तेवढी राहिली होती.

त्याने डाव्या हातात दोर धरला आणि कोयती उचलली.

दोराला हिसका बसला.

हलका. मग आणखी एक.

दोन.

हर्षद तिथेच खाली बसला. लहानपणी नितेश होडी लावताना दोर काठावर फेकायचा. हर्षद तो झेलायचा. मग होडीतून नितेश दोन हलके हिसके द्यायचा. म्हणजे, मी आलो, बांध. ही खूण त्या दोघांचीच. आईलासुद्धा ठाऊक नव्हती.

कापायचा तरी कसा? सख्ख्या भावाच्या हातातला दोर कसा कापायचा?

कोयती घेऊन तो घरी आला. आई चुलीपुढे होती. त्याने तिचे पाय धरले. "आये, तिकडे जाऊ नको. माझ्यासाठी जाऊ नको."

कमळाकाकूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "येवढ्या परक्या लोकांनी माझ्या पोराला बोलावलान," ती म्हणाली. "आनि मी आयस असून गप बसू?"

हर्षदने अयूबचाचांना विचारलं. "आता माझ्या हातात काय नाय रे बाबा," चाचा म्हणाले. "आयशीला नजरेआड करू नको."

आठ दिवस त्याने तिला नजरेआड केलं नाही. कामावरही सोबत न्यायचा, बाकड्यावर बसवायचा, चहा आणून द्यायचा.

पौर्णिमेच्या त्या शनिवारी तोबा गर्दी होती. पौर्णिमेला आमच्याकडे दुपारी भरती असते आणि संध्याकाळी पाणी पार आटतं. सहा वाजता रेलिंगखाली नुसता चिखल होता. दोर त्या चिखलात ढिला पडून राहायला हवा होता.

तो ढिला नव्हता. रेलिंगपासून सरळ समुद्राकडे ताणलेला... आणि करकरत होता.

हर्षद जेटीच्या पार पुढच्या टोकाला होता, तिथे पाणी होतं. बोट लागत होती, पोराबाळांनी भरलेली. बोटीचा दोर त्याच्या हातात. तो सोडून पळाला असता तर बोट आपटली असती. त्याने वळून बाकड्याकडे बघितलं.

आई बाकड्यावर नव्हती.

ती खुंट्याशी होती. पदर खोचलेला, दोन्ही हात दोरावर. ओढत होती. साठ वर्षांची बाई, पण हात एकामागून एक असे चालत होते जसे आमच्या बायांचे जाळं ओढताना चालतात. भोवती लोक मोबाइल धरून उभे. कुणीतरी ओरडत होतं, "आजी, जोर लावा! आजी, आणखी!"

"आये! सोड! आये, सोड तो!"

टाळ्यांत त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. त्याने कशीबशी गाठ मारली आणि धावत सुटला. धावताना त्याला दिसत होतं, तिच्या पायाशी हिरव्या दोराचा ढीग वाढत होता. एक लाल चिंधी. दुसरी. तिसरी. चौथी.

तो दहा पावलांवर पोचला आणि दोर एकदम ढिला पडला.

कमळाकाकू थांबली. तिने रेलिंगवरून खाली वाकून बघितलं. हर्षद म्हणतो, असं हसताना तिला त्याने नऊ वर्षांत बघितलं नव्हतं.

"आला," ती म्हणाली.

मग तिचं हसू गेलं.

ती हळूच मागे वळली. हर्षदला शोधलं. लहान मूल चुकून परक्या घरात शिरल्यावर जसं बघतं, तशी बघत होती.

"हर्षद... हा आपला नाय रे."

दोर ताणला गेला. ती रेलिंगवरून गेली. ओरडलीसुद्धा नाही. हर्षदने झेप घेऊन दोर पकडला, दोन्ही पाय रेलिंगला लावून अंगातलं सगळं बळ लावलं, आणि दोर त्याच्या मुठीतून कातडी सोलत निघून गेला.

खाली चिखल होता. घोट्याइतकं पाणी. त्यात माणूस बुडत नाही.

त्या चिखलावर एकही खूण नव्हती.

पोलीस आले, बोटी फिरल्या, तीन दिवस पाणबुडे उतरले. काही सापडलं नाही. लोकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ तेवढे आहेत. मीही बघितलेत. त्यात कमळाकाकू ओढताना दिसते, हात चालताना दिसतात. पण त्यात दोर बाराच हात आहे. जुना, पांढरा. त्याचं मोकळं टोक पहिल्यापासून तिच्या पायाशी पडलेलं आहे, कोरडं. ती जे ओढतेय ते दिसत नाही. हर्षद झेप घेतो तेव्हा त्याच्या मुठीतही काही दिसत नाही.

तळवा मात्र आजही ओला आहे. दोन डॉक्टर झाले, जखमेवर खपली धरत नाही.

खुंटा काढला. तिथे आता फुलझाडाची कुंडी आहे. हर्षदने नोकरी सोडली. आणि वाडीच्या रीतीप्रमाणे त्याने आईसाठी दोर बांधला, घरामागच्या माडाला, टोक खाडीत. मोजून बारा हात. मी होतो सोबत.

परवा मी त्याला भेटायला गेलो. तिन्हीसांजेला तो माडाशी बसलेला असतो. म्हणाला, "रोज या वेळेला दोन हिसके येतात. हलके." मग पुढे म्हणाला, "आईला ती खूण माहीत नव्हती रे. तिला नितेशने शिकवली असेल, नाही का? दोघं भेटले असतील."

"तू ओढत नाहीस ना?" मी विचारलं.

"छे. नुसता धरतो."

तो चहा ठेवायला आत गेला, तेव्हा मी माडाच्या बुंध्याशी वाकलो. तिथे दोराचं वेटोळं पडलं होतं. मी ते कोपरापासून बोटांपर्यंत मोजलं. एकदा. मग पुन्हा.

सोळा हात भरलं. आणि टोक अजून पाण्यातच होतं.