साबणदाणीतला सूर

"अगं, हात हलवू नकोस! एवढा टाका बसला की झालंच!"

हर्षलने सोल्डरिंगच्या धुरावर फुंकर मारली. आशाने चिमटीत धरलेली तार मुळीच हलली नव्हती. हलत होता तो हर्षलचाच हात! पण हे त्याला सांगणार कोण? वेदिकाने लगेच सांगितलं.

"दादा, तुझाच हात थरथरतोय! उगाच तिच्यावर ओरडू नकोस."

नाशिकजवळच्या यादवकाकांच्या द्राक्षमळ्यावर हर्षल आणि वेदिका ही भावंडं मे महिन्याच्या सुट्टीत आली होती. येताना हर्षलने देवळाली कॅम्पच्या भंगार बाजारातून आणलेला एक जुना मेटल डिटेक्टर सोबत घेतला होता. त्याला नुसता काटा होता, आवाज नव्हता. काट्याकडे बघावं तर पाय ढेकळात अडखळायचा! म्हणून हर्षलने त्याला आवाज बसवायचं ठरवलं. एक काळी आयसी चिप, मोडक्या रेडिओचा स्पीकर, आणि हे सगळं मावायला काकूंची गुलाबी साबणदाणी! काटा डावीकडे झुकला की जाड आवाज येणार, उजवीकडे झुकला की बारीक.

जमिनीवर फिरवायची तारेची चकती तुटली होती. ती आशाने नव्याने गुंडाळली, एकावर एक वेढा चढू न देता. आशा म्हणजे कुसामावशीची मुलगी. मायलेकी पेठकडच्या डोंगरातून मळ्यावर कामाला आल्या होत्या. आशा आश्रमशाळेत सातवीत होती आणि भांडणात वेदिकाला हरवणारी ती एकटीच होती.

"आता खिळा!" हर्षल म्हणाला.

घुर्रर्र!

"आता वेदिकाचं पैंजण!"

टींऽऽ!

तिघं नाचायलाच लागली. "लोखंड घुर्र, चांदी टीं!" हर्षलने तिथेच जाहीर केलं. "आता हे यंत्र चुकूच शकत नाही!"

तेवढ्यात घरातून ज्योत्स्नाकाकूंची हाक आली. हाक कसली, किंकाळीच! "अहो, खंडोबाचा टाक कुठाय?"

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उमटवलेला देव, तळव्यावर मावेल एवढा. काकांच्या थोरल्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि आज घरात जागरण-गोंधळ होता. त्यासाठी काकूंनी सकाळी देव उजळायला काढले होते. बाकीचे टाक होते, खंडोबा नव्हता!

"सकाळी ओसरीवर कोण आलं होतं?" यादवकाकांनी विचारलं.

"कुसाबाई आली होती सारवायला," कोणीतरी म्हणालं.

आंब्याखाली कुसामावशी उभी होती, तिचं गाठोडं पायाशी होतं. मोठी माणसं नुसती तिच्याकडे बघत होती.

आणि हर्षलच्या अंगात वीरश्री संचारली. "काका, थांबा! माझं यंत्र सांगेल!" तो डिटेक्टर घेऊन धावला. कोनाडा झाला, तुळशीवृंदावन झालं, मग त्याने चकती गाठोड्यावर धरली.

टींऽऽऽ!

"सापडला!" तो ओरडला. "चांदी आहे! चांदीच आहे!"

काकांनी पुढे होऊन गाठ ओढली. एक लुगडं पडलं. मग पोचे आलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा घरंगळला, त्याचं झाकण उडालं आणि नागलीच्या भाकरी मातीत पडल्या. दुसरं काही नव्हतं.

कुसामावशीने एकेक भाकर उचलली, फुंकली आणि डब्यात ठेवली. "मालक, आम्ही सांजच्या गाडीनं जातो," ती म्हणाली.

"टाक सापडल्याशिवाय जाण्याची एवढी घाई कशाला?" काका गुरकावले.

आशा हर्षलच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "खिळा बघितलास, पैंजण बघितलंस. जर्मन बघितलं व्हतं का रे?"

"आमच्या घरी जर्मन नाहीये..." हर्षल पुटपुटला आणि हे तोंडातून गेल्यावर त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंपाच्या खोलीमागे जाऊन तो बसला. साबणदाणी दगडावर आपटावीशी वाटत होती. जिने चकती गुंडाळली, तिच्याच आईला सगळ्यांसमोर आपण चोर ठरवलं!

"रडून झालं की सांग," वेदिका शेजारी येऊन बसली. "काकू टाक कशाने घासतात?"

"चिंच आणि राख."

"मग ती राख कुठे गेली?"

हर्षलने डोळे पुसले. दोघं धावत काकूंकडे गेली.

"राखेचं घमेलं? मीच ओतलं उकिरड्यावर," काकू म्हणाल्या. "मध्येच विहीणबाईंचा फोन आला, म्हणून घाईत..." आणि त्यांनी जीभच चावली.

उकिरडा रिकामा होता! ट्रॅक्टरवाल्या बहिरूने दुपारीच सगळं शेणखत नव्या बागेत नेऊन टाकलं होतं.

हर्षल आशाकडे गेला. माफी मागायची होती.

"टाक सापडला का?" तिनेच विचारलं.

"नाही. पण कुठे असेल ते कळलंय."

"मग चल. आईच्या नावावरचा डाग इथं ठेवून मला जायचं नाय." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

बागेत खताचे ढीग होते आणि मातीत तारेचे तुकडेच तुकडे. घुर्र, घुर्र, घुर्रर्र! हर्षलला दुसरं काही ऐकूच येईना. आशाने साबणदाणी हिसकावून कानाला लावली. "गप ऱ्हा दोघं!"

टीं!

"सापडला!" वेदिका ओरडली. निघाली गुटख्याची चकचकीत पुडी.

"सापडला म्हणू नकोस," हर्षल हळूच म्हणाला. "आधी उकरून बघू."

पुन्हा घुर्र. पुन्हा पुडी. सूर्य मांडवाच्या तारांच्या खाली उतरला. एका ढिगापाशी आशा थबकली, गुडघ्यावर बसली आणि हातांनीच उकरू लागली. शेणाने माखलेला एक पत्रा वर आला. ओढणीच्या टोकाने तिने तो पुसला. घोड्यावर बसलेला खंडोबा!

अंगणात सगळी जमली. काकांनी हर्षलच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या! घराण्याचं नाव काढलंस!"

त्या थापेसरशी हर्षलची मान खालीच गेली. "काका, मला शाब्बासकी नको. चोर कोणी नव्हताच. मी ओरडलो, ते खोटं होतं. टाक आशाने शोधला."

आशाने डिटेक्टर घेतला. आधी चकती टाकावर धरली. टींऽऽ! मग आईच्या डब्यावर धरली. टींऽऽ! अगदी तोच सूर. हर्षल बटण बंद करायला पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ऐकू दे सगळ्यांना."

सगळ्यांनी ऐकलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "कुसाबाई, चुकलं माझं," ते म्हणाले. मघाच्या आवाजातला रुबाब कुठे गेला होता कोण जाणे! काकूंनी तर डोळ्यांना पदरच लावला. "आज गोंधळाला थांब गं. तू गेलीस तर देवासमोर मी कुठल्या तोंडाने बसू?"

"आधी देव धुवा," कुसामावशी म्हणाली. "शेणात बसलाय सकाळपासून."

वेदिकाला हसू फुटलं. मग हळूहळू सगळेच हसले. एकटा हर्षल हसला नाही. तो कुसामावशीच्या पायाशी जाऊन बसला. "मावशी, मी..."

मावशीने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. "खा. उन्हात लय फिरलास."

हर्षलने घास घेतला. दाताखाली माती कचकचली. भाकरीला ती माती कुणामुळे लागली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने घास थुंकला नाही. मान खाली घालून सगळा तुकडा खाल्ला, आणि मग आणखी एक मागितला.