कापलेलं गाऱ्हाणं

ही गोष्ट माझ्या घरात घडली आहे. ऐकीव नाही. कुणाला खोटी वाटली तर त्याने खुशाल दुसरं काहीतरी वाचावं, मी पटवायला त्याच्या दारात जाणार नाही.

मी तिसरी शिकले. काना-वेलांटी चुकेल. पण जे बघितलं, त्यात चूक नाही.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. दिवस बुडायची वेळ. जागा आमच्या गावचा सडा. धारगळच्या हमरस्त्यावरून आत आलं की काजूची झाडं संपतात आणि नुसता काळा कातळ लागतो, तो. गावाचं नाव लिहीत नाही. घरात लग्नाचा नातू आहे, सोयरिकी यायच्या आहेत.

आणि हे सगळं त्याच्याचबद्दल आहे.

साईश. मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला आहे. दारू नाही, तंबाखू नाही. वेड एकच.

तो बाजा.

मी बाजा म्हणते, तो सिंथ म्हणतो. पेटीसारख्या पट्ट्या आहेत, पण भाता नाही, नुसती बटणं. पणजीत कुणाचा तरी जुना होता, तो घेऊन आला. पगार झाला की घरात एक नवी वायर येते. खोलीत जांभळ्या-गुलाबी नळ्या लावल्यात. भिंतीवर मावळत्या सूर्याचं चित्र, आणि सूर्याला आडव्या चिरा.

"सूर्याक कित्याक कापलंस रे?"

"आजी, ती स्टाइल."

मनगटावर कापडी पट्टे. वागातोर, पुणे, बंगळूर, जिथे असले मेळे होतात तिथे आत सोडताना हातात बांधतात ते. एकही काढत नाही. आंघोळसुद्धा त्यांच्यासकट. हात कसा, चुडा भरलेल्या नवरीसारखा.

एकदा मला शेजारी बसवून समजावलं.

"आजी, ह्यां म्युझिक आताचां. पण ऐंशीच्या सालासारखां वाजता. त्यावेळच्या लोकांका पुढचो काळ जसो दिसायचो, तसां."

"त्यावेळी मी होतंय," मी म्हटलं. "माका पुढचो काळ असो दिसायचो नाय. माका दिसायचां, घरात नळ येतलो."

हसून हसून खाटेवर पडला.

पण वाजवायला बसला की त्याचे डोळे बघावेत. माझा नवरा भजनाला बसला की असेच व्हायचे. म्हणून मी कधी आडवी आले नाही. शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल तोंड उघडलं की मी त्यांच्या घरातलं एकेक बाहेर काढायचे. मग ते आपापली दारं लावून घ्यायचे.

नोव्हेंबरात बातमी आली. आमच्याच सड्यावर मेळा, आणि तोही ह्याच असल्या बाजाचा. मोठ्या स्टेजवर बाहेरची माणसं, छोट्या स्टेजवर इथली पोरं. साईशला सूर्य बुडतानाची वेळ मिळाली.

"सगळ्यात बरी वेळ ती, आजी. हांगा जमला तर मी सामान उचलूचां सोडून ह्याच करतलंय."

त्याचं सगळं त्या एका संध्याकाळवर टांगलेलं होतं.

मग त्याला बाजात घालायला काहीतरी खरोखरचं जुनं हवं झालं. माळ्यावर चढला. आजोबांचा टेप खाली काढला. सोबत एक कॅसेट.

आजोबा म्हणजे माझा नवरा, कृष्णनाथ. तरुणपणी बाहरीनला होता, तिथून तो टेप आणलेला. आणि गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते.

सड्यावर एक दगड आहे. तिथे राखणदाराची जागा. गावाची राखण करणारा तो. वर्षाला त्याला चामड्याच्या वहाणांचा जोड ठेवतात, कारण तो चालतो, आणि त्या झिजतात. घर बांधा, विहीर खणा, मुलाला परगावी धाडा, आधी त्याच्यापुढे गाऱ्हाणं. एकजण बोलतो, बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आधी राखणदाराला हाक. मग घरातल्या गेलेल्यांची नावं, जसे गेले तशी. मग जित्यांसाठी मागणं. शेवटी त्याला त्याच्या जागेवर परत बसवायचं.

मधे सोडायचं नाही. पाऊस येवो, कुणाला घेरी येवो, पुरं करायचं.

त्या कॅसेटमध्ये गाऱ्हाणं होतं. आमच्या ह्या घराचा पाया घातला तेव्हाचं. साईशने बटण दाबलं आणि मी हातातलं सूप खाली ठेवलं. गेलेल्या माणसाचा आवाज घरात फिरला की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

"बा देवा म्हाराजा... सड्याच्या राखणदारा म्हाराजा..."

मागून पुरुषांचा आवाज, "व्हय म्हाराजा." त्यात कुणाचा तरी खोकला. आमच्या भावकीतल्या सगुणचा बाप तो, दमेकरी होता. पाठोपाठ एक कुत्रं भुंकलं. त्यातलं आता कुणीच नाही. माणसं नाहीत आणि कुत्रंही नाही.

काही दिवसांनी साईशने मला त्याचे ते कानाला लावायचे डबे दिले. माझ्या अंबाड्यावर बसेनात.

धडधड बाजा. त्यावर माझा नवरा. "बा देवा म्हाराजा..." पुन्हा "बा देवा म्हाराजा..." मग दोन-चार नावं. की परत पहिल्यापासून हाक.

"व्हय म्हाराजा खंय गेला?"

"काढलंय. त्यात खोकलो, कुत्रां. थंय बीट येता."

"आणि मागणां?"

"लांब जाता गो आजी. लोक नाचूक येतले, आयकूक नाय."

"अरे, माणसाक हाक मारून दारात नुसतो उभो करून ठेवशीत?"

"आजी, तो फक्त आवाज हा."

मी पुष्कळ बोलले. सून प्राजक्ता, साईशची आई, मधे पडली; माझा मुलगा बोटीवर असतो. सावंतवाडीकडची ती. मला मांय म्हणते आणि बाजू मुलाची घेते. "जांवदे मांय, एवढा त्याचा मन हा." सावंतवाडीत बहुतेक देवांनाही मनं विचारून बोलावतात.

मग ते सुरू झालं.

आमच्याकडे दिवेलागणीला पोदेर येतो. सायकलवर पावाची टोपली, हातात पोंपों, म्हणजे रबरी भोंगा. रोज आमच्या दारात. त्या आठवड्यात पोंपों कोपऱ्यापर्यंत यायची...

आणि थांबायची.

मागे फिरायची.

त्याच वेळेला साईश खोलीत सराव करत असायचा. मी पोदेराला सकाळी रस्त्यात गाठलं.

"काय रे, आमचे पाव-उंडे कोण खातो? तुझी सासू?"

तो म्हणाला, "बाये, तुमच्या आंगणांत सांजेक इतलीं मनशां. सायकल खंय घालूं?"

आमच्या अंगणात कोणी नव्हतं. मी आणि प्राजक्ता, दोघी घरात.

त्या संध्याकाळी मी बाल्कांवात, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर, मुद्दाम बसून राहिले. आत बाजा लागला. नवऱ्याची हाक सुरू झाली. अंगण रिकामं. माडाचं झावळं हलेना. कावळे रोज त्या वेळी कलकल करतात. एक नव्हता.

आणि मग...

कर्र... कर्र...

नव्या चामड्याची वहाण कोरड्या जमिनीवर दाबली की होतो, तो आवाज. मधेमधे काठीचा ठोका. माझ्या समोरून गेला. साईशच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, थांबला.

आत साईशने बाजा बंद केला.

आवाज परत गेला नाही. तिथेच राहिला.

मी साईशला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तुका भिती वाटता तर तू येव नको." मला भीती म्हणतो. मी गेलेच.

शनिवारी प्राजक्ता आणि मी सड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. माझ्याही हातात पट्टा बांधला, बांगड्यांच्या वर. चांदीच्या कागदासारखे कपडे घातलेल्या पोरी, सूर्य बुडत आला तरी काळे चष्मे. एकीने माझ्याबरोबर फोटो काढला. मी म्हटलं, आधी काहीतरी पांघर, मग काढ. तिला कळलं नाही, हसली.

साईश स्टेजवर आला. वर येऊन आधी मला शोधलं. हात केला.

मग वाजवलं.

खोटं कशाला बोलू, बरं वाजवलं. कातळ पायाखाली थरथरत होता. आणि मग त्या मोठ्या काळ्या डब्यांतून माझा नवरा बोलला. माणसं उड्या मारायला लागली. बाहरीनहून पत्र्याची पेटी घेऊन उतरला तेव्हाही त्याला बघायला एवढी माणसं आली नव्हती. 

सूर्य टेकला. बुडाला.

आणि वीज गेली.

दिवे गेले. बाजा गेला. लोक ओरडले, मग हळूहळू गप्प झाले.

पण हाक थांबली नाही.

"बा देवा म्हाराजा..."

डब्यांतून येत नव्हती. स्टेजच्या मागून. दगड आहे त्या बाजूने.

"सड्याच्या राखणदारा म्हाराजा..."

 आणि मग...

"व्हय म्हाराजा."

एकाचा आवाज नव्हता. खूप पुरुष. खालच्या सुरात. त्यात खोकला. तो खोकला मी ओळखते. मग एक कुत्रं भुंकलं. एकदाच.

साईशने जे जे कापून टाकलं होतं, ते सगळं परत आलं होतं.

लोकांना वाटलं, खेळच आहे. टाळ्या वाजवल्या.

प्राजक्ताची बोटं माझ्या दंडात रुतली. "मांय, ह्यां त्याच्या गाण्यात होता?"

"नाय."

मी स्टेजकडे गेले. मेळ्याचा एकजण, गळ्यात पट्टी अडकवलेला, आडवा आला. "बाजूक सर," मी म्हटलं. भाषा त्याला कळली नसेल, तोंड कळलं. सरला.

साईश उभा होता. हात बाजाच्या पट्ट्यांच्या वर, अधांतरी. नजर दगडाकडे. मागे नावं सुरू झाली होती. माझ्या सासऱ्यांचे आजोबा... त्यांचा भाऊ...

"साईश, मागणां कर. काय तां माग आणि त्येका जाग्यार बसव. सोडू नको अर्ध्यार."

त्याला मी दिसतच नव्हते.

आमच्यात बाई गाऱ्हाणं घालत नाही. मी घातलं. हात जोडले आणि म्हटलं, "बा म्हाराजा, चूक झाली. लेकरू अजाण. त्येका सांभाळ आणि तुझ्या जाग्यार जावन बस."

आणि "व्हय म्हाराजा" ची वाट बघितली.

समोर एवढी माणसं. दिल्लीची, मुंबईची, कुठली कुठली. त्यातल्या एकाला ठाऊक नव्हतं की आता काही म्हणायचं असतं. प्राजक्ता खाली, तोंडाला पदर लावून उभी. मागून खोकलासुद्धा नाही.

कुणीच म्हटलं नाही.

दिवे आले. बाजा धाडकन सुरू झाला. लोक नाचायला लागले.

साईश माझ्याकडे वळला. "आजी, तू वर कित्याक इलंस?"

त्याला वीज गेल्याचंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, घरचा पुरुष बोटीवर म्हणून, सगुणने सड्यावर रीतसर गाऱ्हाणं घातलं. नारळ, रोट, वहाणांचा नवा जोड. सगळी वाडी उभी होती, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. साईशनेही म्हटलं. दगडाजवळचा आधीचा जोड काही आठवड्यांपूर्वी जत्रेत ठेवलेला. सगुणने उचलून दाखवला. तळ आरपार झिजलेले.

मला वाटलं, मिटलं.

त्याच संध्याकाळी साईश विहिरीवर पाणी काढत होता. दिवस बुडाला. त्याने कळशी खाली ठेवली. मान जरा कलती केली, कोणीतरी कानाशी बोलत असल्यासारखी.

आणि हळूच म्हणाला...

"व्हय म्हाराजा."

कळशी उचलली आणि आत आला.

तेव्हापासून रोज. कामावर असला तरी. त्याच्याबरोबरचा अमोल सांगतो, धावपट्टीवर विमान उभं असतं आणि हा हातातली बॅग खाली ठेवतो.

बाजाला आता हात लावत नाही. त्याचंच मला जास्त लागतं. नळ्या काळ्या पडल्या. पट्टे सगळे स्वतःच कापून टाकले. सड्यावरच्या मेळ्याचा तेवढा राहिला. तो कापलाच जात नाही, म्हणतो.

एकदा मी विचारलं. "कोण बोलता रे?"

"आजोबा."

"काय मागता?"

"मागणत नाय. नावां घेता. दिसाक एक. मी व्हय म्हणतंय."

मी म्हटलं, सांग कुठली. त्याने सांगितली. त्यातली काही मला ठाऊक होती. काही माझ्या सासूच्याही आधीची, सगुणच्या म्हाताऱ्या आत्येला विचारून पटली. पोराला ती कुणी सांगितलेली नाहीत. कॅसेटमध्येही ती नव्हती, आणि कॅसेट मी केव्हाच चुलीत घातली आहे.

गेल्या आठवड्यात साईश आत आला, तोंड उतरलेलं.

"आजी, आज आजोबांनी आपलांच नाव घेतलां."

कृष्णनाथ. त्याच्यानंतर आमच्या घरात कोणी गेलेलं नाही. म्हणजे आता पुढचं नाव जित्या माणसाचं.

मी त्याला समोर बसवलं. "आयक. माझां नाव इला तर खुशाल व्हय म्हण. माझां सगळां बघून झालां. दुसरां खयचांय इला, तर तोंड उघडू नको."

तो म्हणाला, "मी म्हणणंय नाय आजी. तां आपसूक येता."

म्हणून आता दिवस बुडायच्या आत मी त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि त्याच्या तोंडावर हात ठेवते. कामावर जाऊ देत नाही. मधले दिवस काही झालं नाही.

काल माझ्या तळव्याखाली त्याचे ओठ हलले.

नाव कुठलं, ते सांगत नाही. प्राजक्ताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन निजला.

आज सकाळपासून जेवला नाही. बाल्कांवात बसला आहे. प्राजक्ता तुळशीकडे दिवा घेऊन चालली आहे. मलाही आता त्याच्याजवळ जायला हवं.

पोदेराची पोंपों ऐकू येते आहे. गेले कित्येक दिवस तो नीट दारात येत होता.

आज कोपऱ्यापर्यंत आली...

आणि थांबली.