परसात पुरलेली टाकी

लुईस्टनचं घर विकायचं तर परसात पुरलेली, घर तापवायच्या भट्टीच्या तेलाची जुनी टाकी आधी काढा, असं घेणाऱ्यांनी सांगितलं, म्हणून लॉरेन थेरियोनं हार्लन पिंकमला बोलावलं. असल्या टाक्या उकरून काढण्यात त्याची हयात गेली होती. ऑक्टोबरातली स्वच्छ सकाळ होती. लॉरेननं त्याच्या हातात कॉफी आणि काकवीचा डोनट ठेवला.

“टाकीत वाळू भरलीय,” ती म्हणाली. “एकतीस वर्षांपूर्वी घरात गॅस आला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं स्वतः भरली. दोन दिवस राबत होता.”

“नवरे हौसेनं करून ठेवतात, बाई. निस्तरायला आम्ही असतोच.”

ती हसली. तिचा नवरा नॉर्मंड वारला त्याला सात महिने झाले होते; त्याची कुणी थट्टा केली की तिला बरं वाटायचं.

दुपारी टाकीची गंजकी पाठ उघडी पडली. हार्लननं खड्ड्यात उतरून पान्यानं तीन ठोके मारले. आवाज पोकळ आला. आणि मग आतून तीन ठोके आले. सावकाश.

“ऐकलंत?” लॉरेननं विचारलं.

“पत्रा उन्हानं वाजतो...” तो म्हणाला, पण खड्ड्यात ऊन पोचलंच नव्हतं.

त्यानं पत्रा कापला. तेलाची घाण येईल म्हणून तिनं नाकाला रुमाल लावला होता. वास आला तो लॅव्हेंडरच्या साबणाचा. आत वाळूचा कण नव्हता. टाकी पुसून काढल्यासारखी स्वच्छ, आणि मधोमध एक निळी सूटकेस.

सूटकेस ओडेटची होती. लॉरेनच्या धाकट्या बहिणीची. टाकी बंद केली त्याच आठवड्यात तेवीस वर्षांची ओडेट घर सोडून गेली होती. “बॉस्टनच्या बसमध्ये मीच बसवून दिलं तिला,” नॉर्मंड म्हणाला होता, आणि रडणाऱ्या लॉरेनला त्यानं जवळ घेतलं होतं.

पोलीस आले, सूटकेस आणि टाकी घेऊन गेले. हाडं नव्हती, काहीच नव्हतं. दोन दिवसांनी हार्लननं खड्डा बुजवला आणि टाकीतून भट्टीकडे येणारी तांब्याची नळी काढायला तळघरात उतरला. थोड्या वेळानं त्यानं लॉरेनला हाक मारली.

भिंतीतून आलेल्या नळीच्या तोंडाला पितळी नरसाळं जोडलेलं होतं. त्याचा काठ हाताळून हाताळून चकचकीत झाला होता. शेजारी स्टूल.

“हे कशाला हो, बाई?”

रोज जेवण झालं की नॉर्मंड ‘भट्टी बघून येतो’ म्हणून खाली यायचा. अर्धा तास. एकतीस वर्षं. वर तिला त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं, कधी हसणंही. एकटाच बोलतो म्हणून ती चिडवायची आणि तो लाजायचा. त्या लाजण्यावर तिचा जीव होता.

“बाहेरचं टोक मी कापून बुजवलंय,” हार्लन म्हणाला. “पलीकडे आता नुसती माती.” करवत आणायला तो गाडीकडे गेला.

लॉरेन स्टुलावर बसली. तिनं नरसाळ्याला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग अगदी जवळून कुणीतरी श्वास घेतला.

“इतके महिने आला नाहीस...” ओडेट कुजबुजली. आवाज अजून तेवीस वर्षांच्या पोरीचाच होता. “लॉरेनला कळलं की काय?”